पुंगळीच्या मानेची मोकळीक : एका आकड्याची दुरुस्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अचूक नेमबाजीसाठी घरी काडतुसे भरण्याच्या अमेरिकेतील छंदावर जो लेख आला, तो आवडीने वाचला. मात्र त्यात ‘६ पीपीसी’ या काडतुसाच्या मानेचा, म्हणजे पितळी पुंगळीच्या गोळी धरून ठेवणाऱ्या टोकाचा, बाहेरचा व्यास ०.२६२ इंच ठेवावा आणि ‘मान चेंबरमध्ये जितकी घट्ट, तितका नेम पक्का’ असे जे छापले आहे, ते चुकीचे तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केली आणि गेली अनेक वर्षे ओहायोत राहून हाच छंद करतो, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

०.२६२ इंच हे माप काडतुसाचे नसून रायफलीच्या चेंबरचे, म्हणजे ज्या पोकळीत काडतुसाची मान बसते तिचे आहे. लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी १९७०च्या दशकात ‘.२२० रशियन’ची पुंगळी बदलून हे काडतूस घडवले, आणि बेंचरेस्टच्या, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून नेम साधण्याच्या प्रकारातल्या, रायफलींत चेंबरची मान मुद्दाम इतकी अरुंद ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यात भरलेल्या काडतुसाची मान ०.२६० इंचाच्या आसपास असावी लागते. गोळीचा व्यास ०.२४३ इंच, म्हणून पितळाची भिंत दोन्ही बाजूंना साडेआठ थाऊ इतकी तासून घ्यावी लागते. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे उद्यमनगरातल्या वाचकांना सांगायला नको. उरलेली दोन थाऊंची जागा, म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर, ही आपले वर्तमानपत्र ज्या कागदावर छापले जाते त्याच्या जाडीपेक्षाही थोडी कमीच भरेल. पण सगळी सुरक्षितता तेवढ्या जागेत असते.

बार उडताच वायूच्या दाबाने पुंगळीची मान फुगते आणि तिची गोळीवरची पकड सुटते. फुगायला जागाच नसेल तर गोळी पितळ आणि पोलाद यांच्यात चिमटली जाते, ती सुटायला उशीर होतो आणि चेंबरमधला दाब बेसुमार वाढतो. आपल्या लेखातले माप धरून कोणी ०.२६२च्या चेंबरसाठी ०.२६२ची मान तयार केली, तर नेमके हेच घडेल.

मी स्वतः एकदा यात फसलो आहे. दुसऱ्या खेपेच्या पुंगळ्या पहिल्या खेपेइतक्याच जाड असतील असे गृहीत धरले, मायक्रोमीटर डबीतच राहिला, आणि तिसऱ्या बाराला बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) इतका अडकला की हाताच्या तळव्याने ठोकून उघडावा लागला. उमेदवारीच्या काळात असे मोजमाप चुकवले असते तर वस्तादांनी काय केले असते, ते लिहीत नाही.

एकदा मोजले म्हणजे कायमचे झाले, असेही नाही. प्रत्येक बाराबरोबर पितळ हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे मान लांबते, जाड होते, आणि खांद्याशी आतल्या बाजूने पितळाचे कडे तयार होते, ज्याला इकडे ‘डोनट’ म्हणतात. साधी परीक्षा अशी की, उडवलेल्या पुंगळीच्या तोंडात नवी गोळी नुसत्या बोटाने सोडावी. ती अडखळली तर मोकळीक पुरेशी नाही असे समजून त्या पुंगळ्या बाजूला ठेवाव्यात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कारखान्यात तयार झालेल्या साध्या रायफलीत ही मोकळीक याहून बरीच जास्त असते आणि तीत काही गैर नाही. फक्त दर वेळी मान जास्त फुगते व पुन्हा जास्त आवळावी लागते, त्यामुळे पितळ कडक होऊन लवकर तडकते. अरुंद चेंबरचा फायदा एवढाच की मान कमी फुगते-आवळते आणि गोळी नळीच्या मध्यरेषेवर बसते. तो फायदा नेमक्या मापाच्या मोकळिकीचा आहे, घट्टपणाचा नाही.

स्वप्निल कुसाळे यांच्या २०२४च्या पॅरिसमधील कांस्यपदकानंतर आपल्याकडील मुले रायफलीविषयी फार वाचू लागली आहेत, हे आनंदाचे आहे. कुसाळे यांच्या ५० मीटर प्रकारात .२२ रिमफायर काडतुसे वापरतात. त्यांचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच असल्याने ती पुन्हा भरली जात नाहीत, त्यामुळे वरील सारे त्यांना लागू नाही. परंतु परदेशी राहणारे आपले काही वाचक सेंटरफायर (ज्यांच्या काडतुसात पेट घेणारा मसाला तळाच्या मध्यभागी असतो अशा) रायफली बाळगतात आणि काडतुसे स्वतः भरतात. त्यांच्यासाठी ०.२६२ हे चेंबरचे माप असल्याचे शुद्धिपत्र पुरवणीच्या त्याच पानावर ठळक छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ओहायो (अमेरिका)