सशाची ऊ आणि गोचीड यांत गल्लत नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऊसतोड सुरू झाली की बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागांत फडातून रानसशाची पिल्ले घरी येतात. पोरांना खेळायला म्हणून, नाहीतर घरच्या पांढऱ्या सशांना जोडीला म्हणून. दोन-चार दिवसांत केसांत किडे दिसतात आणि मग गोठ्यातले गोचिडीचे औषध, पिकावरची पावडर, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब असे हाताला लागेल ते सशाच्या अंगावर पडते. उवा राहतात बाजूला, ससा औषधानेच जातो. हे टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

सशाचे रक्त पिणाऱ्या उवेच्या प्रजातीचे नाव हीमोडिप्सस. ती ससेकुळातल्या प्राण्यांवरच जगते. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला हे आपण पाळतो ते ससे मूळ युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशातले. त्यांच्या उवेचे वर्णन हेन्री डेनी यांनी १८४२ मध्ये केले. तिचे नाव हीमोडिप्सस व्हेंट्रिकोसस. युरोपातल्या उघड्या रानात राहणाऱ्या सशावर तिची बहीण हीमोडिप्सस लायरिओसेफॅलस असते. आपल्या शिवारातला काळ्या मानेचा ससा या दुसऱ्या गटातला. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्ले केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात. घरच्या सशाची पिल्ले उघडी आणि आंधळी असतात. म्हणजे हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि त्यांची जोडी लागत नाही.

ऊ ओळखायची कशी? ससा मांडीवर घ्या, उजेडाकडे पाठ करा आणि पाठीवरचे, बगलेतले, पुठ्ठ्यावरचे केस उलटे सारा. ऊ दीड ते अडीच मिलिमीटर, वरून चपटी, पोट रुंद आणि डोके अगदी अरुंद. पाय सहा, पुढची जोडी बारीक, मागच्या जोड्यांना जाड वाकडी नखी. त्या नखीच्या खाचेत सशाचा केस नेमका बसतो, म्हणूनच नुसते झटकून ऊ पडत नाही. रक्त प्यालेली असेल तर पोटात काळपट लाल ठिपका दिसतो. ती उडी मारत नाही. उडाली तर ती पिसू. लिखा केसाच्या मुळाशी चिकटवलेल्या असतात. जिवंत लीख भरलेली, चकाकणारी. फुटलेली पांढरी आणि पोकळ. दोन नखांत दाबल्यावर टच्‌ वाजली तर ती जिवंत. नाकावर, पंजांवर, कानात पांढरी खपली धरली असेल तर मात्र ती खरूज. आपल्याकडच्या पिंजऱ्यांत उवेपेक्षा खरूजच जास्त, आणि तिलाही बरेच जण ऊच समजतात.

लिखेतून पिल्लू साधारण आठवडाभरात बाहेर येते, तीन वेळा कात टाकते आणि दोन ते पाच आठवड्यांत पूर्ण वाढीची ऊ तयार होते. सशाच्या अंगावरून खाली पडलेली ऊ थोड्याच दिवसांत मरते. उपचाराचे सगळे गणित या आकड्यांवर आहे. औषध लिखेला मारत नाही. त्यामुळे एकदाच औषध देऊन थांबले की महिनाभरात पुन्हा तेच, आणि मग लोक औषधालाच नावे ठेवतात.

पशुवैद्य सहसा आयव्हरमेक्टिन कातडीखाली देतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा देतात. गुरांसाठी मिळणारे एक टक्क्याचे इंजेक्शन म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरले तर अडीच किलोच्या सशाला लागते ०.०५ मिली, म्हणजे १ मिलीला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजवर फक्त दोन रेघा. हेच औषध गुरांच्या सिरिंजने अंदाजाने अर्धा मिली गेले तर डोस दहापट होतो. घोटाळा होतो तो इथेच. वजनकाट्यावर तोलल्याशिवाय डोस ठरवू नये, आणि गाभण मादीला, लहान पिल्लांना किंवा मांसासाठीच्या सशांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नये.

फिप्रोनिल सशाला कधीच लावू नये. कुत्र्याला चालणारे हे थेंब सशाचे खाणे बंद पाडतात, झटके आणतात, जीव घेतात. पिल्लांचे तर पटकन. पिकावरची कीटकनाशके त्याहून वाईट, कारण ससा दिवसभर अंग चाटतो. त्याला बुडवून आंघोळही घालू नये, भीतीने आणि गारठ्याने तो दगावतो. रोज बारीक दातांची फणी फिरवा, ती साबणाच्या गरम पाण्यात बुडवा, खालचे गवत जाळा, पिंजरा उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात ठेवा. एकावर सापडली तर शेजारच्या सगळ्या सशांना एकाच दिवशी औषध. नवीन ससा चार आठवडे वेगळा. हिरड्या आणि पापणीची आतली बाजू पांढरी पडली असेल तर रक्त बरेच गेले आहे, थांबू नका.

ही ऊ माणसावर टिकत नाही. मात्र सशांमध्ये ती रोग पसरवू शकते. टुलरेमिया हा आजार ती एका सशाकडून दुसऱ्याकडे नेते, हे अमेरिकेत एडवर्ड फ्रान्सिस यांनी १९२० च्या दशकात प्रयोगाने दाखवले.

माणसाने जपायचे ते गोचिडीपासून. रानसशाच्या कानावर, डोळ्यांभोवती तोंड रुतवून बसलेले, न हलणारे दाणे म्हणजे गोचिडी. मोठीला आठ पाय, पण नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच, म्हणून नुसते पाय मोजून फसू नये. क्यासनूर जंगल ताप, ज्याला आपण माकडताप म्हणतो, तो गोचिडीतून येतो. १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात सापडलेला हा आजार २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात दिसला. दोन्ही खानापूरच्या रानाला लागूनच. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल, काडी, नखे नकोत. रानातून आल्यावर आठवडाभरात एकाएकी ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आधी सांगावे.

रानससा पकडणे, पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणि फडात एकटे दिसणारे पिल्लू पोरके नसते. आई दिवसभर दूर राहते, अंधार पडल्यावर पाजायला येते. साखर कारखान्यांनी हंगामाआधी टोळ्यांच्या मुकादमांना एवढे सांगावे: पिल्लू दिसले तर हातात पाल्याची जुडी घेऊन त्याला अलगद उचला, जवळच्या बांधावरच्या गवतात ठेवा आणि त्या बाजूचे पाचट पेटवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यांत ऊ, पिसू, गोचीड आणि खरूज यांची मोठी चित्रे मराठी व कन्नड दोन्हींत लावावीत, ही आमची खात्याकडे मागणी आहे.

आपले,
बेळगाव-खानापूर भागातील ससेपालक व पशुवैद्यकीय कामातील काही वाचक