अंजिराच्या झाडाविषयी

प्रिय रूथ हिस,
सप्रेम सलाम.

हंगाम नसताना प्रभू येशूने अंजिराच्या झाडाला शाप का दिला आणि त्यात झाडाचा काय दोष, हा तुझा प्रश्न योग्यच आहे. तो अंजिरांचा हंगाम नव्हता, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कनेच लिहून ठेवले आहे.

त्या देशात वल्हांडणाच्या (मार्च-एप्रिलमधल्या यहुदी सणाच्या) सुमारास अंजिराला पालवीबरोबरच जुन्या फांद्यांवर हिरवी फळे धरतात आणि ती जूनपर्यंत पिकतात. म्हणून पानांनी डवरलेल्या झाडावर तीही नसतील, तर त्या वर्षी त्याच्याकडून काहीच मिळायचे नाही, असे काही भाष्यकार सांगतात. माहिती खरी आहे, पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. शाप देणे आणि दुसऱ्या दिवशी झाड मुळापासून वाळलेले दिसणे, या दोहोंच्या मध्ये मार्कने मंदिरातून विक्रेत्यांना हाकलल्याचा प्रसंग मुद्दाम बसवला आहे, आणि माझ्या मते उत्तर तिथेच आहे. (मत्तयाच्या वृत्तांतात झाड तत्काळ वाळते, त्यामुळे ही गुंफण तिथे सापडत नाही.)

शिष्य संदेष्ट्यांची वचने ऐकत वाढले होते. होशेयने इस्राएलाच्या पूर्वजांना पहिल्या बहराच्या अंजिरांची उपमा दिली होती, आणि तेच अंजीर शोधूनही मिळत नाही, असा विलाप मीखाने केला होता. यिर्मयाला तर मंदिरासमोर अंजिरांच्या दोन टोपल्या दिसल्या. त्यांतले उत्तम अंजीर म्हणजे इ.स.पू. 597 मध्ये बाबेलला बंदिवान करून नेलेले लोक आणि नासके अंजीर म्हणजे यरुशलेमेत मागे राहिलेले, हा अर्थ तेव्हा ऐकणाऱ्यांना किती झोंबला असेल! अशा श्रोत्यांना पानांनी भरलेल्या, पण निष्फळ झाडात गजबजलेले मंदिर दिसणे स्वाभाविक होते.

हेच झाड शांतीचेही चिन्ह आहे, हे मात्र विसरू नकोस. शलमोन राजाच्या काळात दानापासून बैर-शेबापर्यंत, म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, प्रत्येक जण आपापल्या द्राक्षवेलीखाली व अंजिराखाली निर्भय राहत असे, आणि मीखाने येणाऱ्या दिवसांसाठी तेच अभिवचन दिले. त्यामुळे ते झाड वाळले म्हणजे ती सावलीही गेली.

लूकने शापाची कथा घेतलीच नाही. त्याच्या दाखल्यात तीन वर्षे फळ न आलेले झाड मालक तोडायला सांगतो, तेव्हा माळी भोवती खणून खत घालण्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतो. मालकाचे उत्तर लूक देत नाही. येत्या रविवारपूर्वी मार्कच्या अकराव्या अध्यायातील 12 ते 21 ही वचने सलग वाच, आणि मग लूकचा तेरावा अध्याय उघड.

तुझे,
पप्पा