रविवारच्या पुरवणीतला तो तक्ता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमची पुरवणी वाचून रात्रभर झोप लागली नाही असं लिहिणार होतो, पण झोप लागली, सकाळी उठल्यावर राग जास्त आला. पान तीनवर तुम्ही जो चौकोन छापलाय, डावीकडे निळ्यात बायबल, उजवीकडे हिरव्यात कुराण, मधे दया, स्त्री, युद्ध असे रकाने आणि प्रत्येकाला पाचपैकी मार्क, तो काढला कोणी? लेखक प्राध्यापक आहेत म्हणे. मार्क द्यायची सवय सुटत नाही हे समजू शकतो.

मी प्राध्यापक नाही. अचलपुरात बायंडिंगचं काम करतो, वडीलही तेच करायचे. ग्रंथ कोणाचा का असेना, फाटला की आमच्याकडे येतो आणि कुठं फाटला ते आम्हाला दिसतं. बायबल येतं ते स्तोत्रसंहितेपाशी सुटलेलं, तेविसाव्या स्तोत्राच्या पानाला बोटांनी काळी पडलेली कड. कुराण येतं ते शेवटच्या पाऱ्यात, म्हणजे तिसाव्या भागात, मोकळं झालेलं, आणि यासीन या अध्यायाचं पान तेलकट, कारण घरात कोणी आजारी असलं, गेलं, की तेच उघडतात. तुमच्या तक्त्यातली वचनं ज्या पानांवर आहेत ती पानं मी आजवर कोरीच पाहिली. ती उघडणारे बहुतेक बायंडिंग करून घेत नसावेत.

1983 ची गोष्ट. रमजान आठ दिवसांवर, वडील कागद आणायला नागपूरला गेलेले, दुकानात मी एकटा, वय अठरा. मागच्या गल्लीतले एक चाचा कुराण देऊन गेले. मी जुजबंदी केली, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवले, खळ लावली, हिरवं रेक्झिन चढवलं, सोनेरी ठसा मारला आणि ऐटीत त्यांच्या हातात दिलं. चाचा हसायलाच लागले. "अरे राजा, हे त डावीकून उघडते, साहेबाच्या खातेबुकावानी!" ठसा मी मागच्या पुठ्ठ्यावर मारला होता. अरबी उजवीकडून चालते हे मला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. रात्री बसून पुठ्ठा काढला, नवीन चढवला. सकाळी न्यायला आले तेव्हा त्यांनी कटाईच्या कातरणी मागितल्या, मी म्हटलं झाडून टाकल्या. तेव्हा मात्र ते हसले नाहीत. दोघांनी मिळून कचऱ्याच्या टोपलीतून एकेक पट्टी निवडली, ती त्यांनी रुमालात बांधली आणि मातीत पुरायला नेली. वडील आल्यावर माझ्या एक कानाखाली बसली तेही सांगून टाकतो. ज्ञानेश्वरी असो की कुराण, धर्मग्रंथाला सरस लावायचा नाही, मोरचूद टाकलेली मैद्याची खळच लावायची, कारण सरस जनावराच्या हाडाकातड्याचा, कोणत्या जनावराचा ते कोण सांगणार, हा त्यांचा नियम. कातरणी वेगळ्या ठेवायच्या हा दुसरा नियम त्या दिवसापासून झाला.

पुढं दहाबारा वर्षांनी परतवाड्याकडच्या एक ख्रिस्ती आजी बायबल घेऊन आल्या. मी शहाणपणानं कातरणी पुडीत बांधून दिल्या तर म्हणतात, "हे काय करू मी बावा? फेक. देव काय कागदात बसला का?" पण त्यांचं पहिलं पान बदलू म्हटलं तर हात लावू देईनात. त्यावर चार पिढ्यांचे जन्ममृत्यू लिहिलेले, सगळ्यात वर आजेसासऱ्यांचं नाव, 1900 साल, दुष्काळात ते मिशनच्या अनाथाश्रमात आले तेव्हाचं. "रेशनकार्डाच्या आधीचं कार्ड हाय हे आमचं," म्हणाल्या.

आता सांगा, एकाच मापानं कसं मोजता तुम्ही? मुसलमानाला कुराण म्हणजे शब्दनशब्द अल्लाचा, अरबीतलाच, तर्जुमा फक्त समजायला. ख्रिस्ती माणसाला देवाचा शब्द म्हणजे येशू, आणि बायबल मत्तय, लूक, पौल अशा माणसांच्या हातून लिहिलं गेलेलं, म्हणून ते कोणत्याही भाषेत चालतं. मराठी नवा करार 1811 लाच छापला विल्यम केरी या मिशनऱ्यानं, तोही बंगालात सेरामपूरला, त्यानं बस्तान बसवलं तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या गावात, कारण कंपनी सरकार 1813 पर्यंत मिशनऱ्यांना आपल्या मुलखात सहसा पाय टेकू देत नव्हतं. आणि तुमचे प्राध्यापक लिहितात इंग्रज एका हातात बायबल घेऊन आले! एका हातात हिशेबाची वही होती साहेब, दुसऱ्या हातातही वहीच.

उलट इंग्रज जे मागं ठेवून गेले ते तुमच्या पान तीनवर आहे. 1772 ला कंपनीचा बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानं ठरवलं की लग्न, वारसा, जातपात यात मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा. म्हणजे प्रत्येक धर्माला एक ग्रंथ हवाच आणि साहेबाला तो टेबलावर हवा. मग हिदाया हा अरबी कायदेग्रंथ आधी फारसीत करून घेतला, त्या फारसीवरून 1791 ला हॅमिल्टननं इंग्रजी केलं, आणि त्या तिसऱ्या हाताच्या मालावर पुढं कोर्टात वारसाचे निकाल लागले. 1854 ला इकडं नागपूर खालसा झालं त्याच साली तिकडं आग्र्याला पाद्री फान्डर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला, कोणाचा ग्रंथ खरा. आणि मौलानांच्या बाजूनं पाद्र्याला अडवायला पुस्तकं काढली ती युरोपातल्याच विद्वानांची! तुमची पुरवणी अजून तिथंच बसलीय.

तुलना करूच नका असं नाही म्हणत. युसुफची करा ना. भावांनी विहिरीत टाकलेला पोरगा दोन्हीकडे आहे (आमच्याकडे सातबाऱ्यापायी हे अजून चालू आहे). मालकाची बायको त्याच्यावर खोटा आळ घेते, बायबलात तिच्या हातात त्याचं वस्त्र राहतं आणि तोच पुरावा त्याच्यावर उलटतो, कुराणात सदरा मागून फाटलेला निघतो म्हणून तो खरा ठरतो, तरी तुरुंग दोन्हीकडे चुकत नाही. सगळ्या कुराणात नाव घेऊन आलेली बाई एकच, मरियम, येशूची आई. क्रूसावरून मात्र जमत नाही, कुराण म्हणतं येशूला सुळी दिलंच नाही, आणि तिथं ख्रिस्ती माणसाचं सगळंच अडतं. हे तुमच्या तक्त्यात कुठंच नाही. पवनारच्या विनोबांनी या दोन्ही धर्मांची सार काढली, कुराणासाठी अरबी शिकले, मार्क कोणालाच दिले नाहीत, आणि विदर्भातल्या पेपरला एवढ्या मोठ्या लेखात त्यांची एक ओळ सुचू नये? काहून राजेहो?

आता शेवटचं. बायंडिंग करताना आम्ही ओल्या अस्तराखाली रद्दी घालतो. काल तीच पुरवणी घातली, सकाळी प्रेस उघडला तर तुमच्या तक्त्याचा हिरवा रंग एका बायबलाच्या अस्तरावर उतरलेला. अस्तर नवीन घालावं लागलं, खर्च माझा. शाई सुकू देऊन पेपर छापत जा. आणि तुरीचे भाव परवाचे छापता ते पण बघा.

आपला एक जुना वाचक, बायंडर
अचलपूर, जि. अमरावती