पद्मिनीचे आटे आणि टर्नर चाचा

संपादक साहेब, नमस्कार.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा सगळे हळहळले, पण आमच्यासारख्यांच्या दारात ज्या पद्मिनी गाड्या अजून उभ्या आहेत त्या दुरुस्त कशा करायच्या यावर कुणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या डब्याचं) बेअरिंग गेलं, ते खोलताना मी नट न ठेवता पिनियनच्या (दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाच्या) आटे असलेल्या टोकावर थेट हातोडा मारला आणि आटे चेपले, पोटात गोळाच आला कारण क्राऊन (मोठं दातेरी चाक) आणि पिनियन जोडीनेच जुळवलेले असतात, एकटा पिनियन बदलून भागत नाही.

कुर्ल्यातल्या एका टर्नर (लेथवर काम करणाऱ्या) चाचांनी बारीक त्रिकोणी कानशीने पुढचे दोन आटे मोकळे केले, मग तेल सोडत डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवली, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला तेव्हा जीवात जीव आला! मग दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून ठसा बघितला, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, डायल गेजवर मोजून बसवला. आता आवाज बंद आहे.

चाचांच्या हाताखाली आज एकही पोरगा नाही. अशा कारागिरांवर तुम्ही सविस्तर लिहाच, आणि आयटीआयवाल्यांनी पोरं त्यांच्याकडे शिकायला पाठवावीत ही कळकळीची विनंती.

— एक पद्मिनीवाला, डोंबिवली