खापर बोनेटीच्या डोक्यावर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फुटबॉल आणि निवडणुकांवरचा लेख वाचला. लेख चुरचुरीत आहे, पण त्यातलं एक वाक्य घशाखाली उतरेना. १९७० च्या वर्ल्ड कपमध्ये पीटर बोनेटी या गोलकीपरने हातचा चेंडू सोडला आणि त्यापायी चार दिवसांनी ब्रिटनचं सरकार गेलं, असं लेखकाने बिनदिक्कत ठोकून दिलं आहे. मी कोल्हापुरात अकरा वर्षं गोलपोस्टमध्ये उभा राहिलेला माणूस. या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला झोप यायची नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

१४ जून १९७०. मेक्सिकोतलं लिओन शहर, भर दुपारी बाराचं ऊन. विश्वविजेता इंग्लंड उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीसमोर उभा. आठवडाभर आधी पेलेचा हेडर ज्याने अशक्यप्राय झेप घेऊन बाहेर काढला, तो गॉर्डन बँक्स पोट बिघडून हॉटेलात पडलेला. ऐनवेळी बोनेटीला उतरवलं. हा काही ऐरागैरा नव्हे. चेल्सीचा नावाजलेला गोलकीपर, चपळाईमुळे लोक त्याला 'मांजर' म्हणत. देशासाठी सहा सामने खेळलेला, सहाही जिंकलेले, सगळे मिळून एक गोल खाल्लेला. इंग्लंडने मलरी आणि पीटर्सच्या गोलांनी २-० आघाडी घेतली. ६८ व्या मिनिटाला जर्मनीच्या बेकेनबाउरचा फटका बोनेटीच्या अंगाखालून जाळ्यात गेला. हा गोल त्याचाच, मी नाही म्हणत नाही. दुसरा झेलरने गोलकडे पाठ असताना डोक्याच्या मागच्या बाजूने टाकला; चेंडू कुठे जाणार हे खुद्द झेलरला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. जादा वेळेत म्युलरने तोंडासमोरून तिसरा मारला, तेव्हा त्याच्या अंगाला अंग लावून बचावातला कोणी उभा होता का, ते कोणी विचारत नाही.

आणि कोच? सर आल्फ रॅम्सी यांनी पहिला गोल झाल्यावर लगेच बॉबी चार्लटनला बाहेर घेतलं. का, तर उपांत्य सामन्यासाठी त्याचे पाय ताजे राहावेत! बेकेनबाउरचा अर्धा जीव चार्लटनला सांभाळण्यात जात होता, तो मोकळा सुटला. पुढे पीटर्सलाही काढलं. म्हणजे हा सामना खिशात पडला असं धरून पुढच्या सामन्याची तयारी चालली होती. चार्लटन त्यानंतर इंग्लंडकडून कधीच खेळला नाही. आणखी एक गंमत बँक्सनेच पुढे सांगितली आहे. टीव्हीवर सामना उशिरा दाखवत होते. तो खोलीत २-० बघत निवांत पडला होता, तेवढ्यात सहकारी हरलेल्या तोंडांनी आत आले. त्याला वाटलं, थट्टा करताहेत.

आता निवडणूक. १८ जून, गुरुवार. मजूर पक्षाचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन पुन्हा येणार, असं पाचपैकी चार मतचाचण्या सांगत होत्या. आले हुजूर पक्षाचे एडवर्ड हीथ, ३३० जागा घेऊन. विल्सन यांना फुटबॉलची भीती होती, हे खरं. त्यांच्या मंत्रिमंडळातले डेनिस हीली यांनी लिहून ठेवलंय की मतदानाच्या तोंडावर आपला संघ हरला तर सरकारला फटका बसेल का, असा प्रश्न विल्सन यांनी वसंतातच एका बैठकीत काढला होता. तरीही तारीख त्यांनीच निवडली. बरं, सामना रविवारी झाला आणि सोमवारी परकीय व्यापाराचे आकडे आले : ३ कोटी १० लाख पौंडांची तूट. त्यातला बराच भाग दोन जंबो जेट विमानांच्या खरेदीचा होता, पण बाजारात भाव विचारणाऱ्या बाईला त्याचं काय? हीथ यांचा सगळा प्रचार महागाईवरच चालला होता. १९६७ सालचं पौंडाचं अवमूल्यन लोक विसरले नव्हते. जी एक चाचणी बरोबर आली, तिच्या माणसांनी आधी मत विचारलेल्या लोकांचं दार शेवटच्या दिवसांत पुन्हा वाजवलं होतं. बाकीच्यांनी जुन्या उत्तरांवर भिस्त ठेवली.

हरल्यामुळे सरकार जातं, असा नियमच असेल तर ब्राझीलचं काय करायचं? २००२ साली ते वर्ल्ड कप जिंकले आणि चारच महिन्यांत सत्ताधाऱ्यांचा उमेदवार पडून लुला निवडून आले. २०१४ साली स्वतःच्या देशात जर्मनीकडून ७-१ असा मार खाल्ला, आणि ऑक्टोबरात त्याच डिल्मा रूसेफ पुन्हा अध्यक्ष झाल्या. ज्याला जे हवं ते त्याने यातून काढावं.

माझं म्हणाल तर सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. शाहू स्टेडियमवर सेमीफायनल, आम्ही १-० ने पुढे, शेवटची पाच-सहा मिनिटं. आदल्या रात्री वळीव पडून गेलेला, गोलसमोर नुसता चिखल. आमच्या सेक्रेटरींनी गुलालाची दोन पोती स्टेडियमच्या दारात टेम्पोत ठेवलीच होती, हलगीवाला भिंतीला टेकून बिडी ओढत होता. आमचा सेंटर हाफ म्हणजे भिंत. त्याला बाहेर बोलावलं आणि वर्गणी देणाऱ्या एका वजनदार माणसाच्या पुतण्याला आत सोडलं, फायनलच्या आधी पोराचा जरा पाय ओला व्हावा म्हणून. दोन मिनिटांत डाव्या बगलेतून चेंडू आला. मी खाली बसलो, छातीशी घेतला असं वाटलं, आणि तो ओल्या जर्सीवरून निसटून मांडीखालून लाइनीपार गेला. मग टायब्रेकर, त्यातही हरलो. गुलाल तसाच माघारी गेला.

पुढची तीन वर्षं पेठेत चहाला जायची सोय राहिली नाही. "हाताला लोणी लावून उभारलावतास व्हय रं?" हे एकच वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं, त्याला मोजदाद नाही. पुतण्याचं नाव कोणी काढलं नाही. सेक्रेटरींना गुलालाबद्दल कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मलाच पटलं होतं की सगळं माझ्यामुळे झालं. आजही पावसाळ्यात ओली चादर दोरीवर टाकताना हातातून सुटली की मी क्षणभर थांबतो. सौ. हसते.

ब्राझीलचा गोलकीपर बार्बोसा तर माझ्या हजारपट भोगून गेला. १६ जुलै १९५० ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर वर्ल्ड कपचा शेवटचा सामना, दोन लाखांच्या आसपास माणसं. बरोबरी झाली तरी कप ब्राझीलचाच. सकाळी एका वृत्तपत्राने संघाचा फोटो 'हे विश्वविजेते' म्हणून छापूनही टाकला होता. सामना सुरू व्हायच्या आधी रिओच्या महापौरांनी खेळाडूंना विजेते ठरवून भाषण ठोकलं. उरुग्वेच्या गिगियाने ७९ व्या मिनिटाला पोस्ट आणि बार्बोसाच्या मधल्या फटीतून चेंडू घातला, २-१. महापौर निसटले, संपादक निसटले, बार्बोसा अडकला. आमच्याकडे जास्तीत जास्त शिक्षा तीस वर्षांची आहे, मी तर पन्नास भोगली, असं तो म्हातारपणी म्हणे. २००० साली गेला.

आपल्याकडेही हेच. १ जून २०२४ च्या संध्याकाळी एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या वर नेऊन ठेवलं, ४ जूनला आकडा २९३ वर थांबला. एका चाचणीचा कर्ताधर्ता टीव्हीवर ढसाढसा रडला आणि आमचा कट्टा त्याच्यावर खो-खो हसला. तेच आकडे मधले दोन दिवस व्हॉट्सॲपवर आम्हीच फिरवत होतो, माझ्या फोनमध्ये अजून आहेत. काही जणांनी पेढ्यांची ऑर्डरही देऊन ठेवली होती. ती रद्द करायला कोण गेलं, ते मला माहीत आहे, पण शेजारी राहतो, नाव लिहीत नाही.

बोनेटी त्या सामन्यानंतर देशासाठी पुन्हा उतरला नाही. चेल्सीकडून मात्र सातशेवर सामने खेळला. २०२० च्या एप्रिलमध्ये तो वारला, तेव्हाही लिओनचा तो सामना पाठ सोडेना. तेव्हा विनंती एवढीच, की लेखातलं ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करून छापावं. आणि बोनेटीचा फोटो टाकणार असाल तर कृपया तो चेंडू अंगाखालून जातानाचा टाकू नका. चेल्सीच्या जर्सीत हवेत झेपावलेला मिळाला तर बघा.

आपला,
एक निवृत्त गोलकीपर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर