विषय: उजव्या इंजिनातली तीन पाती, आणि जळगावला समुद्र नसल्याबाबत

दिनांक : २५ जून २०२४
प्रति, मा. व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

काल, सोमवारी, सकाळी सव्वाअकराला तुमच्या सेवा केंद्राशी माझं सत्तेचाळीस मिनिटं बोलणं झालं. यापुढे फोन करणार नाही. जे आहे ते लेखी.

बोटीचं वर्णन करत बसत नाही. ३६ फुटी, दोन केबिनची, दोन डिझेल इंजिनांची मोटर यॉट तुम्हीच विकली आहे; गेटवेसमोरच्या मूरिंगवर (समुद्रात बोट बांधून ठेवायच्या जागी) तुम्हीच उभी करता; कॅप्टन तुमचा, खलाशी तुमचा, मेकॅनिक तुमचा. या सगळ्याचे वर्षाला ९,४०,००० रुपये देखभाल करारापोटी मी आगाऊ भरतो. माझं काम एवढंच, की शुक्रवारी रात्री जळगावहून गाडीत बसायचं, शनिवारी सकाळी कुटुंबासह टेंडरमधून (ने-आण करणाऱ्या छोट्या होडीतून) बोटीवर चढायचं आणि रविवारी रात्री परत फिरायचं. हे "माझं काम एवढंच" तुमच्या विक्री प्रतिनिधीचे शब्द आहेत. माहितीपुस्तिकेत पांढरेशुभ्र कपडे घातलेलं एक कुटुंब डेकवर हसतंय, त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला होता, "काका, तुम्ही फक्त यायचं."

आम्ही फक्त आलो, हाच आमचा गुन्हा.

घटना क्रमाने सांगतो, कारण तुमच्याकडे दर वेळी नवा माणूस फोन उचलतो आणि दर वेळी मला रामायण पहिल्यापासून सांगावं लागतं. ७ मार्चला तुमच्या मेकॅनिकने नेहमीची सर्व्हिसिंग केली आणि उजव्या इंजिनाचा स्ट्रेनर, म्हणजे समुद्राच्या पाण्याची गाळणी, साफ केला. त्यासाठी सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक, बंद करावा लागतो, हे बरोबर. साफ झाल्यावर तो उघडावाही लागतो. तेवढं राहिलं. महाशिवरात्रीला जोडून आम्ही ९ तारखेला आलो. तुमच्या कॅप्टनने इंजिनं सुरू केली, मागून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते पाहिलं नाही, आणि थोड्याच वेळात अलार्म. समुद्राचं पाणी आतच येत नव्हतं. पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा पात्यांचा पंखा, कोरडा फिरला आणि फाटला. तुमचा मेकॅनिक आला, नवा इम्पेलर बसवला आणि सीकॉक उघडताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता ओके."

माझ्या मुलाने जुन्या इम्पेलरचा फोटो काढला. त्याला सहा पाती असायला हवी होती. होती तीन. मी तिथेच, डेकवर उभं राहून विचारलं, "बाकीची तीन पाती कुठे गेली?" तो म्हणाला, "गेली असतील समुद्रात, काका."

व्यवस्थापक साहेब, तुमचं उत्पादन तुम्हाला माहीत आहे असं मी धरून चालतो. पंपातून निघालेलं पाणी थेट समुद्रात जात नाही. ते आधी हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांतून जातं, इंजिनातल्या कूलंटची उष्णता घेतं आणि मग एक्झॉस्टवाटे बाहेर पडतं. मग रबराचे तुकडे कुठे अडकणार? मी केळी पिकवतो. अडतीस वर्षं पाण्याच्या मोटारी आणि चोवीस वर्षं ड्रिप माझ्या हातात आहे. फिल्टरची जाळी फाटली आणि कचरा पुढे गेला तर तो ड्रिपरमध्येच सापडतो, तापीत नाही. हे आमच्याकडे पाणी द्यायला ठेवलेला सालदारही सांगेल.

कमी वेगात काही कळलं नाही. नळ्या अर्ध्या बंद असल्या तरी इंजिन सावकाश चालवलं की तेवढं पाणी पुरतं. ६ एप्रिलला बंदरातल्या बंदरात एक फेरी मारली, तेव्हा उजव्या इंजिनाचं तापमान डाव्यापेक्षा आठ-दहा अंश जास्त दिसलं. कॅप्टनने माझ्यासमोर तुमच्या सेवा केंद्राला कळवलं. उत्तर आलं : "नॉर्मल आहे." कुणाच्या दृष्टीने?

आता ११ मे. शुक्रवारी १० तारखेला आखाजी (तुमची अक्षय्य तृतीया) झाली. मुलीची लग्नानंतरची पहिली आखाजी, माहेरी आली होती, सोबत जावई. खान्देशात पहिल्या आखाजीला लेक-जावयाचं काय असतं, हे तुम्हाला सांगून उपयोग नाही. सोमवारी १३ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान, म्हणून दीडच दिवस हातात होता. पण जावयाला बोट दाखवायची होती. आईही आली, वय ७८. घरून खापरावरचे मांडे आणि आमरसाचे डबे घेतले होते. (डिसेंबरात भरीत नेतो, वांगी घरीच काड्यांवर भाजून. बोटीवर काड्या पेटवता येत नाहीत एवढीच या बोटीबद्दलची माझी मूळ तक्रार होती. किती सुखाचे दिवस.)

दुपारी खांदेरीच्या दिशेने निघालो. १६७९ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या नाकासमोर या बेटावर किल्ला कसा बांधायला घेतला, हे मी जावयाला सांगत होतो, आणि अलार्म वाजला. उजवं इंजिन. तेच. कॅप्टनने वेग कमी करून तुमच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं, "सेन्सर कधीकधी खोटा वाजतो, कमी आरपीएमवर चालवत राहा." तो फोन स्पीकरवर होता. ऐकणारे आम्ही सात जण आहोत. कॅप्टनने वीस मिनिटं तसंच चालवलं. मग मागून पांढरी वाफ आली, जळक्या रबराचा वास सुटला, आणि तेव्हा त्याने तुम्हाला न विचारता स्वतःच्या अकलेने इंजिन बंद केलं. त्या दिवसातला तेवढाच शहाणपणा, आणि तो तुमच्या सांगण्याविरुद्ध होता.

एका इंजिनावर अलिबागजवळची मांडव्याची जेटी गाठायला लागला तो वेळ मी मोजला नाही, आईने मोजला. वेगात पाणी कापत जाणारी बोट सावकाश चालली की दोन्ही बाजूंना डोलते. नातवंडांना उलट्या झाल्या. जावयाला झाली, पण तो सभ्य माणूस, केबिनमध्ये जाऊन आला. आई एवढंच म्हणाली, "याच्यापरीस आपला मेहरूणचा तलाव बरा व्हता बापा." मांडव्याला उतरून आम्ही रो-रोच्या (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या) रांगेत उभं राहिलो, मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याची तिकिटं काढली, आणि त्या रांगेत मांडे खाल्ले. रो-रोला अलार्म झाला नाही.

इथपर्यंतचं मी पोटात घातलं असतं. यंत्र आहे, बिघडतं. माझी पाण्याची मोटार हंगामात दोनदा जळते. पण मे अखेरीला पावसाळ्यासाठी बोट तुमच्या यार्डात वर ओढली, इंजिन उघडलं, आणि ४,१२,६०० रुपयांचं बिल पाठवलंत. हेड गॅस्केट, एक्झॉस्टचा होज, मजुरी. वॉरंटी लागू नाही, कारण : "चालकाची चूक, तसेच इम्पेलर ही झिजणारी वस्तू." चालक तुमचा आहे, साहेब. पगार तुमचा घेतो, टोपीवर चिन्ह तुमचं आहे. आणि इम्पेलरचे पैसे मी मागितलेलेच नाहीत. मी विचारतोय ते तीन पात्यांबद्दल.

तेच विचारायला काल फोन केला होता. हे संभाषण मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे "प्रशिक्षणासाठी" ध्वनिमुद्रित झालेलं आहे, तर ते प्रशिक्षणासाठी ऐकाही.

"सर, बोट कुठे आहे?"
"तुमच्याच यार्डात."
"आणि सर, तुम्ही?"
"जळगाव जिल्हा. यावल तालुका."
जरा वेळ शांतता. मग, "सर, जळगावला समुद्र आहे का?"

मला वाटलं, तो पत्ता तपासतोय. म्हटलं, "नाही."

"मग सर, बोट... म्हणजे, कशासाठी?"

कशासाठी! विकताना हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. चेक जळगावच्याच बँकेचा होता, तो वटला तेव्हाही पडला नव्हता. तापी मुलताईला उगम पावते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. आमच्या शेतातलं पाणी तुमच्या समुद्रात आधीपासून आहे, असं काहीतरी मी म्हणायला हवं होतं. पण हे सुचलं फोन ठेवल्यावर, जेवताना. बोटीचं नाव आम्ही 'तापीमाई' उगीच ठेवलेलं नाही. फोनवर मी फक्त म्हणालो, "कुटुंबासाठी."

मग तो मला शिकवायला लागला. "सर, मी सोप्या भाषेत सांगतो. इंजिन गरम होतं. त्याला थंड करायला पाणी लागतं. ते पाणी एक पंप ओढतो. पंपात रबरचा एक पंखा असतो." मी म्हटलं, "बरं." तो म्हणाला, "तो पंखा कोरडा फिरला तर खराब होतो." मी म्हटलं, "अस्सं!" माझ्या शेतातल्या प्रत्येक स्टार्टरला ड्राय-रन प्रिव्हेंटर आहे, बोअर आटला की मोटार आपोआप बंद होते. साध्या बोअरला आम्ही जी काळजी घेतो, ती काळजी नऊ लाख घेऊन तुम्ही घेत नाही, हे मी त्याला सांगणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला : "सर, हे मरीन इंजिन आहे, ट्रॅक्टर नाही. शेतीचा अनुभव इथे चालत नाही."

मी विचारलं, "तीन पाती कुठे गेली?"
"होल्ड करा, सर."

होल्डला तुम्ही लाटांचा आवाज लावता. छान आहे. पण काल लाटा लागल्याच नाहीत. त्याने बटण दाबलं नसावं. मला खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. "तो केळीवाला काका परत आलाय रे. पाती शोधतोय." आणि हशा. एक बाईही हसली. मग कुणीतरी म्हणालं, "सांग, केळीच्या पानात बघा." परत हशा. आणि मग अतिशय गोड आवाजात : "होल्ड केल्याबद्दल धन्यवाद, सर. आपली काय मदत करू?"

मी फोन ठेवला नाही. आणखी अकरा मिनिटं त्याच्याशी नीट बोललो, त्याला "साहेब" म्हणालो. आमच्याकडे दारात आलेल्या व्यापाऱ्यालाही आधी पाणी देतात, मग भाव पाडल्याबद्दल भांडतात.

हो, मी केळीवाला आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. डोक्यावर ४५ अंश ऊन असताना ती बाग पाण्यावर जगवतो. पाणी, पंप, गाळणी, अडकलेला कचरा, हे मला तुमच्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. फक्त माझं पाणी गोडं आहे.

आणि आता गंमत. फोननंतर चष्मा लावून तुमचं बिल पुन्हा वाचलं. दुसऱ्या पानावर, खालून तिसरी ओळ : "हीट एक्स्चेंजर साफसफाई, अडकलेले रबरचे तुकडे काढणे : रु. १८,५००."

सापडली पाती. तुम्हालाच सापडली, तुम्हीच लिहून दिलंत आणि शोधल्याची मजुरीही माझ्याकडेच मागितलीत. मार्चमध्ये तुमच्या माणसाने ती तिथेच सोडली, एप्रिलमध्ये तुम्ही "नॉर्मल" म्हणालात, मेमध्ये तुम्ही "चालवत राहा" म्हणालात, आणि जूनमध्ये चूक चालकाची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकून होतो. इथे संन्याशाकडून दोरीचेही पैसे घेताहेत.

तेव्हा हे बिल मी भरणार नाही. इंजिन तुमच्या खर्चाने दुरुस्त व्हावं, हीट एक्स्चेंजर नवा बसवावा (साफ केलेला नको, तुमची साफसफाई मी पाहिली आहे), दुरुस्तीनंतर समुद्रात पूर्ण वेगाने चाचणी माझ्या मुलासमोर व्हावी. मार्च ते मेचं देखभाल शुल्क परत मिळावं. आणि कालच्या फोनबद्दल माझी लेखी माफी मागावी. ती मराठीत असावी. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य त्यात नसावं. ते मला पाठ आहे.

पंधरा दिवस वाट बघेन. मग २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जाईन. सेवेचा मोबदला पन्नास लाखांच्या आत आहे, त्यामुळे प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, हे वकिलांनी सांगितलं. म्हणजे तुम्हाला जळगावला यावं लागेल. समुद्र नाही, पण स्टेशन आहे. तारीख मेमध्ये पडली तर डोक्याला रुमाल बांधून या. तुमच्या इंजिनाचा अलार्म ज्या कारणाने वाजतो, त्याच कारणाने माणसंही पडतात.

खरं सांगायचं तर मला राग तितका नाही. माझ्या नातवाने शाळेत "माझी सुट्टी" या विषयावर तुमच्या कंपनीचं चिन्ह असलेल्या बोटीचं चित्र काढलं होतं, बोटीवर आजी, आजोबा, सगळे. या सुट्टीनंतर त्याने रो-रोचं काढलं. त्यात गाड्या जास्त आहेत म्हणे.

आपला (अजून तरी) ग्राहक,
यावल तालुका, जिल्हा जळगाव

सोबत : ९ मार्चच्या इम्पेलरचा फोटो, तुमचं बिल (दुसऱ्या पानावर खूण केली आहे), देखभाल कराराची प्रत.

ता. क. काढलेले रबरचे तुकडे कुरिअरने पाठवावेत. त्यांचे १८,५०० रुपये तुम्ही माझ्याकडे मागितले आहेत, म्हणजे ते माझे. आल्यावर मोजून घेईन. तीन भरले पाहिजेत.