स्वारगेटजवळचे मैदान आणि वडिलांची वही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वारगेटचे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून त्या परिसरातील जागांचे भाव आणि जुन्या बांधकामांचा पुनर्विकास हे विषय आमच्या पेठेत रोज निघतात. त्या बोलण्यात अधूनमधून नेहरू स्टेडियमचेही नाव येते आणि 'आता तिथे काय उरले आहे?' असे कोणीतरी सहज म्हणून जाते. तिथे काय आहे, हे त्या मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मोठी झालेली एक पुणेकर म्हणून मला सांगायचे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

५ डिसेंबर १९८४ रोजी या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. इंदिरा गांधींच्या हत्येला जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेच्या बातम्या दोनच दिवसांपूर्वी आल्या होत्या. सामना होतो की नाही याची वडिलांना आदल्या रात्रीपर्यंत खात्री नव्हती. मी तेव्हा शाळेत होते. वडील लक्ष्मी रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहीत. त्या दिवशी त्यांनी रजा काढली, माझ्या शाळेत चिठ्ठी पाठवली आणि सकाळी आम्ही दोघे शुक्रवार पेठेतून बाजीराव रस्त्याने, सारसबागेवरून चालत स्टेडियमवर गेलो. पोळी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली, बसायला वर्तमानपत्रांची चवड आणि दुकानातली लाल बांधणीची एक कोरी खतावणी एवढेच आमचे सामान होते. त्या खतावणीवर जमा-नावेच्या रकान्यांतच वडील धावफलक लिहीत. फलंदाजाच्या धावा जमेकडे आणि गोलंदाजाचे चेंडू नावेकडे. त्या पानावर वेंगसरकरांच्या १०५ धावा आहेत आणि त्याखाली, आपण सामना गमावल्यामुळे किंचित दाबून लिहिलेल्या अक्षरात, 'गॅटिंग नाबाद ११५' अशी नोंद आहे.

सिमेंटच्या त्या पायऱ्या दुपारी बाराच्या पुढे इतक्या तापत, की वर्तमानपत्राच्या चार घड्या घालूनही चटका लागे, आणि उठताना कागदाची शाई परकराला लागलेली असे. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या ट्रान्झिस्टरवर समालोचन चालू असे. समोर दिसलेला फटका कानांवर वर्णनातून पुन्हा येई आणि तो पुन्हा ऐकण्यासाठी तीन रांगांतली माणसे पुढे वाकत. मान वर केली की पर्वती दिसे. परदेशी क्षेत्ररक्षक सीमारेषेवर आला की आम्हा मुलांपासून तो काही हातांवर उभा असे. त्याच्या बुटांचा हिरवा डागसुद्धा दिसे. पुढे पुष्कळ सामने मी दूरचित्रवाणीवर पाहिले, त्यात चेंडूची शिवणही दिसते. पण समोर उभ्या असलेल्या खेळाडूचा श्वास लागलेला मी पाहिला आहे तो फक्त स्वारगेटला.

१९८७ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि श्रीलंका येथे खेळले. १९९५ मध्ये न्यूझीलंडच्या ख्रिस केर्न्सने शतक झळकावले, तरीही भारत जिंकला. परंतु हे मैदान जगाच्या क्रिकेट-इतिहासात ज्या दिवसामुळे गेले, तो दिवस भारताच्या सामन्याचा नव्हताच.

२९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. विश्वचषकात केनिया विरुद्ध वेस्ट इंडीज. केनियाची ती पहिलीच विश्वचषक स्पर्धा आणि समोरचा संघ या स्पर्धेचे पहिले दोन चषक जिंकलेला. मी तोपर्यंत नोकरीला लागले होते. वडील निवृत्त झाले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली तेव्हा कचेरीतले सहकारी म्हणाले, की वेस्ट इंडीजच्या ब्रायन लाराला पाहायला जाताय, तर लवकर जा, सामना दोन तासांत आटोपेल. केनियाने प्रथम फलंदाजी केली. वॉल्श, अँब्रोज आणि बिशप यांच्या माऱ्यापुढे त्यांच्या एकाही फलंदाजाला तिशी गाठता आली नाही, आणि सारा डाव १६६ धावांत संपला. आमच्या भोवतालच्या पायऱ्यांवर जागा मोकळी होती, काही मंडळी तेव्हाच डबे आवरू लागली होती. मग रिची रिचर्डसनचा त्रिफळा उडाला, आणि थोड्या वेळाने रजब अलीच्या चेंडूवर लाराच्या बॅटीची कड लागली. मागे तारीक इक्बाल हा चश्मा लावणारा, जरा स्थूल अंगाचा यष्टिरक्षक होता. सकाळपासून प्रेक्षक त्याला हसत होते. त्याने तो झेल कसाबसा का होईना, पण धरला. लारा ८ धावांवर बाद. त्यानंतर त्या पायऱ्यांवरचा कोणीही लाराला पाहायला आलेला माणूस राहिला नाही, सगळेच्या सगळे केनियाचे झाले. कर्णधार मॉरिस ओडुम्बेने दहा षटकांत १५ धावा देऊन तीन बळी घेतले. वेस्ट इंडीजचा डाव ९३ धावांत आटोपला आणि केनिया ७३ धावांनी जिंकला. ज्या देशाचा नकाशातला ठिकाणा आमच्यातल्या अनेकांना नीट सांगता आला नसता, त्या देशाच्या खेळाडूंसाठी माझे वडील, ज्यांना मी कधी मोठ्याने बोललेले ऐकले नव्हते, उभे राहून टाळ्या पिटत होते. त्या दिवशीच्या पानावर '९३' या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या आहेत. हिशेब जुळला की जशा ओढतात तशा.

३ नोव्हेंबर २००५ रोजी भारत-श्रीलंका सामना झाला, आणि नंतर नेहरू स्टेडियमवर आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला नाही. २०१२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे नवे स्टेडियम उभे राहिले. त्या स्टेडियमविषयी माझ्या मनात जराही आकस नाही. सुमारे ३७ हजार प्रेक्षकांची सोय, प्रकाशझोत, आधुनिक सुविधा हे सारे पेठांच्या मधोमध होणे शक्य नव्हते. पुण्याला पहिला कसोटी सामना मिळाला तोही तिथेच, फेब्रुवारी २०१७ मध्ये. नेहरू स्टेडियमच्या वाट्याला कसोटी कधीच आली नाही. आनंद आहेच. परंतु शहराच्या मध्यापासून ते अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे. तिथे जायचे तर स्वतःचे वाहन हवे किंवा कोणाच्या तरी वाहनात जागा हवी, परतीची काळजी हवी आणि तिकिटाखेरीज त्या साऱ्याचा खर्चही हवा. हिशेब लिहिणारा एक कारकून मुलीचा हात धरून चालत सामन्याला जातो आणि दिवेलागणीला चालत घरी येतो, ही गोष्ट या शहरात आता घडू शकत नाही. स्टेडियम बदलले तेव्हा नेमके काय गेले असे कोणी विचारले, तर माझ्याकडे याहून वेगळे उत्तर नाही.

ही वेळ एकट्या पुण्यावर आलेली नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेतली, आणि त्याच दिवशी सुनील गावसकरांनी आपल्या एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक केले. २००८ पासून नागपूरचे कसोटी सामने वर्धा रस्त्यावर शहराबाहेर जामठ्याला होऊ लागले. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर १९७३ नंतर तब्बल ३६ वर्षे कसोटी झाली नाही, कारण प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून वाद झाला आणि एक किलोमीटरच्याही आत वानखेडे उभे राहिले. पण ही दोन्ही मैदाने राखली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. सिव्हिल लाइन्सवर देशांतर्गत सामने होत राहिले. ब्रेबोर्नवर डिसेंबर २००९ मध्ये कसोटी परत आली आणि सेहवागने २९३ धावा केल्या. त्या दोन शहरांना जे जमले ते पुण्याला जमू नये असे काही कारण मला दिसत नाही.

शिवाय या बाबतीत आपल्या शहराची स्मरणशक्ती फारशी चांगली नाही, हे मला खेदाने लिहावे लागते. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ या तेव्हाच्या जागतिक विक्रमापासून ते फक्त नऊ धावा दूर असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला. रणजी करंडकात आजवर कोणीही एवढी मोठी खेळी केलेली नाही. मी माझ्या भाच्याच्या वर्गातल्या मुलांना, जी रोज क्रिकेट खेळतात, याबद्दल विचारले. एकालाही ती खेळी आपल्याच गावात झाली हे ठाऊक नव्हते. यात मुलांचा काही दोष नाही. आम्ही मोठ्यांनी त्यांना कधी सांगितलेच नाही.

गेल्या हिवाळ्यात मी भाच्याला घेऊन नेहरू स्टेडियमवर गेले. दारावरच्या माणसाने कारण विचारले, मी वही दाखवली, आणि त्याने आम्हाला आपुलकीने आत सोडले. मैदानावर लहान मुलांचा सराव चालू होता. आम्ही साधारण जिथे बसत असू त्या पायरीवर मी भाच्याला बसवले आणि लारा कोणत्या टोकाला उभा होता ते दाखवले. पायरीच्या भेगेतून गवत उगवले होते. त्याने पहिला प्रश्न केला तो असा, की मग हे इथे कुठे लिहिलेले का नाही? इकडेतिकडे पाहूनही मला त्याला दाखवण्यासारखे काही सापडले नाही.

येथे पुन्हा आंतरराष्ट्रीय सामने व्हावेत अशी माझी मागणी नाही. आजूबाजूचे रस्ते, वाहनतळ आणि सुरक्षेची व्यवस्था पाहता ते व्यवहार्य नाही, हे मला समजते. परंतु हे मैदान महापालिकेचे, म्हणजे आपणा सर्वांचे आहे, आणि आता तर मेट्रो, एसटी आणि पीएमपी या तिन्ही सेवा त्याच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. राज्याच्या स्थानिक संघांचे, शाळांचे आणि महिला संघांचे सामने येथे ठरलेल्या वेळापत्रकाने भरवून प्रेक्षकांना नाममात्र शुल्कात किंवा विनाशुल्क आत सोडता येईल. पायऱ्यांची डागडुजी आणि पिण्याच्या पाण्याची सोय हे काही मोठ्या खर्चाचे काम नव्हे. पुढेमागे या परिसराचा पुनर्विकास ठरलाच, तर आराखड्यात मैदानाचे क्षेत्र एका फुटानेही कमी होणार नाही अशी स्पष्ट हमी आधी लेखी द्यावी आणि आराखडा नागरिकांपुढे ठेवूनच पुढचे पाऊल उचलावे.

आणि प्रवेशद्वारापाशी एक फलक लावावा. त्यावर फार मजकूर नको. २९ फेब्रुवारी १९९६, केनिया १६६, वेस्ट इंडीज ९३ एवढे असले तरी येणारा मुलगा किंवा मुलगी थांबून विचारील. त्या दिवसाची तिकिटे, छायाचित्रे, कात्रणे या शहरातल्या कपाटांमधून अजून निश्चित असतील. आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आवाहन केल्यास ती एकत्र होऊ शकतील. माझ्या वडिलांच्या वहीतली दोन्ही सामन्यांची पाने मी जपून ठेवली आहेत. आवश्यकता भासल्यास त्यांच्या प्रती आपल्या कार्यालयात आणून देण्यास मी तयार आहे. शाई थोडी फिकी झाली आहे, परंतु आकडे अजून स्पष्ट वाचता येतात.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, शुक्रवार पेठ, पुणे